सारखी शिवी तोंडात असली की भाषा खुंटते का?

उत्तररात्र (प्रश्न)

मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय. नुसता विचारला तर ‘शिव्या देणं वाईटच’ एवढंच उत्तर येईल, आणि ते मला लहानपणापासून पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला माझ्या बाइकची चेन तुटली. आसपास वस्ती नाही, फोनची बॅटरी संपत आलेली आणि वरून पाऊस. मागून एक ट्रकवाला आला आणि थांबला. त्याने ट्रक असा तिरका लावला की हेडलाइटचा उजेड नेमका माझ्या मागच्या चाकावर पडावा. स्वतःची पक्कड काढून दिली. मी चेनची दोन टोकं जोडणारं लॉक बसवेपर्यंत, म्हणजे चांगली वीस मिनिटं, तो माझ्या शेजारी भिजत उकिडवा बसून होता. काम झाल्यावर ‘सावकाश जा’ एवढंच म्हणाला आणि निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मित्राला हा किस्सा व्हॉइस मेसेजवर सांगितला. चार मिनिटांचा मेसेज. मित्राने आणखी दहा जणांना ऐकवला, सगळ्यांना आवडला. पुढे मनात आलं की हे नीट लिहून काढावं. त्या माणसाचे आभार कुठेतरी मानले गेले पाहिजेत, आणि नाव-पत्ता नसेल तर लिहिणं एवढंच हातात उरतं. म्हणून तोच मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत शब्दन्‌शब्द टाइप केला. शिवी आली की तीन टिंबं टाकत गेलो. शेवटी मोजलं. चार मिनिटांत 37 ठिकाणी टिंबं होती, आणि त्यांतल्या तीसेक जागी एकच शब्द होता.

‘तो ... पाऊस. ती ... चेन. तो ... फोन नेमका तेव्हाच. आणि तो ... ट्रकवाला, काय ... माणूस होता!’

टिंबं काढल्यावर उरलं ते असं: तो पाऊस. ती चेन. तो फोन. तो ट्रकवाला. ऐन वेळी तुटलेल्या चेनला जो शब्द, तोच माझ्यासाठी भिजत बसलेल्या माणसाला. बोलताना फरक होता. चेनला मी तो शब्द दातओठ खाऊन म्हटला होता आणि ट्रकवाल्याला म्हणताना माझा गळा दाटून आला होता. कागदावर दोन्हीकडे सारखीच तीन टिंबं.

मग टिंबांच्या जागी खरे शब्द भरायला बसलो. पाऊस कसा होता? मुसळधार नव्हता. रिमझिम तर मुळीच नव्हता. दीड तास मी पावसावरच अडलो. शेवटी आजीचा एक शब्द आठवला, झड. तीन दिवस झड लागली होती. मी शाळेत निबंधाची बक्षिसं घेतलेली आहेत, म्हणून हे जास्त लागलं.

दुसरी गोष्ट ऑनलाइन चर्चेची. बाइकच्या दुरुस्तीवर मी बरीच वर्षं लिहितोय. एका नवख्या मुलाने स्वतः चेन बदलून फोटो टाकला आणि विचारलं, लॉक बरोबर बसलंय का? त्याने लॉकवरची छोटी क्लिप उलटी बसवली होती. मी लिहिलं, ‘अरे ..., उलटं बसवलंयस, मरशील!’ आमच्यात असंच बोलतात. त्यात राग नव्हता, जीव तुटून लिहिलं होतं. खाली 22 प्रतिसाद आले आणि झाडून सगळे माझ्या त्या एका शब्दावर. कोणी माझी बाजू घेतली, कोणी संस्कार काढले. क्लिपबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी पोराने प्रश्नच काढून टाकला. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे. उलटी बसवली तर ती कशाला तरी अडकून निसटू शकते आणि धावत्या गाडीची चेन सुटली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. एवढं त्याच्यापर्यंत पोचायला हवं होतं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शिव्यांच्या सवयीने शब्द खरंच कमी होतात का? आणि चर्चा बिघडते ती शिवीमुळे, की कारण वेगळंच असतं?

वाचाघर

उत्तररात्र, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहिते.

ज्याला शब्द सुचत नाहीत तो शिव्या देतो, हा समज फार जुना आहे. क्रिस्टिन जे आणि टिमथी जे या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर 2015 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कॉलेजच्या मुलांना एक चाचणी दिली, जी आम्ही रुग्णांनाही देतो: अमुक अक्षराने सुरू होणारे जितके शब्द एका मिनिटात आठवतील तितके सांगा. मग म्हणाले, आता एका मिनिटात आठवतील तितक्या शिव्या सांगा. शब्दांचा साठा अपुरा म्हणून शिव्या, हे खरं असतं तर एकीकडे मागे पडणारा दुसरीकडे पुढे दिसला असता. झालं उलटंच. ज्यांना साधे शब्द भराभर सुचले, त्यांना शिव्याही जास्त सुचल्या. शिवी हाही शेवटी शब्दच आहे, आणि ज्याच्याकडे भाषा आहे त्याच्याकडे तीही असते.

पण ही चाचणी शिव्या किती माहीत आहेत ते मोजते. दिवसभरात किती वापरल्या ते मोजत नाही. तुमची अडचण वापराची आहे.

शिवी मेंदूत इतर बोलण्यापेक्षा थोडी वेगळ्या वाटेने येते. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी तपासलेला एक रुग्ण प्रत्येक प्रश्नाला ‘तां’ एवढंच उत्तर देऊ शकत असे. फार चिडला की मात्र त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक अख्खी शिवी बाहेर पडे. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेल्या रुग्णांत आम्हाला हे आजही दिसतं. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, पक्षाघातानंतर त्यांना स्वतःच्या मुलीचं नाव घेता येत नव्हतं. ‘चमचा’ म्हणायला दहा-दहा मिनिटं लागायची, ओठ जुळायचे आणि आवाज भलताच निघायचा. एकदा त्यांच्या हातून तोच चमचा खाली पडला आणि खणखणीत, स्वच्छ उच्चारात शिवी आली. त्यांच्या पत्नीने माझा हात घट्ट धरला, त्यांना वाटलं बोलणं परत आलं. बोलणं परत आलेलं नाही हे त्यांना समजावून सांगणं मला फार जड गेलं. शिवी आपण अक्षर अक्षर जुळवून म्हणत नाही. शिंक यावी तशी ती अख्खी येते.

म्हणून सवयीच्या शिवीने काय होतं, याचं माझ्या कामातून झालेलं मत सांगते. शब्द जात नाहीत, ते शोधायची वेळ येत नाही. ‘कसला पाऊस?’ हा प्रश्न मनात उठायच्या आत जागा भरलेली असते. ते दीड तास तुम्ही कमीपणाचे समजताय, मला ते तसे वाटत नाहीत. इतक्या वर्षांनी आजीचा शब्द जागेवर सापडला ना? साठा शाबूत आहे. कुलूप गंजलंय, किल्ली फिरवत राहा.

घणकरी

वाचाघर ताईंनी चांगलं समजावलं. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, वेल्डिंग आणि जड माल उचलायचं काम. आमच्याकडे शिवीशिवाय वाक्य पुरं होत नाही आणि मला त्याची लाज नाही.

इंग्लंडमध्ये कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये 67 विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावले. एकदा शिवी घोकत आणि एकदा साधा शब्द घोकत. शिवी देताना हात जास्त वेळ पाण्यात राहिला आणि दुखलंही कमी. पुढे 2020 मध्ये त्यांनी ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’ असे बनवलेले शब्द देऊन बघितलं, त्यांचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे खरी शिवीच लागते. हातोडा अंगठ्यावर बसलेल्या कोणालाही हे विचारा.

पण त्याच माणसाने 2011 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती वाचल्यापासून मी विचारात आहे. जे लोक रोज ऊठसूट शिव्या देतात त्यांना या आरामाचा फायदा कमी मिळतो. म्हणजे येताजाता नटबोल्टला शिव्या घालून मी माझंच औषध पातळ करतोय. हे मला पटलं. हात भाजला तेव्हासाठी काहीतरी शिल्लक असावं.

आता दुसरी बाजू. उत्तररात्र, तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेताय, तो मला मान्य नाही. आमच्याकडे एकदा माल उचलायच्या चेन ब्लॉकच्या (साखळी-कप्पीच्या) हुकाचं तोंड उघडलं होतं. उघडलेल्या हुकावर माल लावायचा नसतो, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, त्यात एक शिवी गेली. साहेबांनी शिवी तेवढी ऐकली. भाषा सुधारा, इथे बायका-माणसं येतात, असं दहा मिनिटं ऐकवलं. हुकाकडे कोणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बीम घसरला. खाली कोणी नव्हतं म्हणून आज हे शांतपणे लिहू शकतोय.

काही लोकांना आपलं म्हणणं ऐकायचंच नसतं आणि शिवी दिली की त्यांच्या हातात आयतं कारण पडतं. तुमच्या त्या 22 जणांनी तेच केलं. एकाला तरी क्लिपबद्दल लिहिता आलं असतं. लिहिलं का? नाही. मग चर्चा एकट्या तुम्ही बिघडवली असं कसं म्हणायचं?

पायवाट

घणकरी दादा, तुमच्या हुकाचा किस्सा वाचून काटा आला. पण त्या मुलाच्या बाबतीत मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी सहा वर्षं एका मोठ्या चर्चागटात प्रतिसाद तपासायचं काम केलंय.

सुरुवातीला आम्ही शब्दांची यादी केली आणि यादीतला शब्द आला की प्रतिसाद अडवायचा, असं ठरवलं. दोन आठवड्यांत ते कोलमडलं. लोक अक्षरांमध्ये टिंब घालायचे, अर्धा शब्द रोमनमध्ये लिहायचे. उलट साधे प्रतिसाद अडकून पडायचे. हा रोग जुना आहे. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरांची एक इंग्रजी शिवी येते.

आणि सहा वर्षांत मला जे सर्वांत विखारी प्रतिसाद काढावे लागले, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त प्रतिसादांत एकही शिवी नव्हती. ‘आपला व्यासंग दिसलाच.’ ‘आपल्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती.’ सगळं आदरार्थी बहुवचनात. अशा एका वाक्याने मी जुने, जाणते लोक कायमचे लिहायचे थांबलेले पाहिले आहेत.

म्हणून नंतर आम्ही एकच गोष्ट बघायला लागलो: शब्द वस्तूवर पडलाय की माणसावर? ‘ही ... चेन’ आम्ही सोडून द्यायचो. ‘अरे ..., उलटं बसवलंयस’ मात्र थांबवायचो. उत्तररात्र, तुमचा हेतू मला इथे चार परिच्छेद वाचून कळला. त्या मुलाच्या पुढ्यात तुमचं एकच वाक्य होतं. तुमचा आवाज नव्हता, चेहरा नव्हता, आणि तुमच्यात असंच बोलतात हे त्याला कुठून ठाऊक असणार? ट्रकवाल्याच्या टिंबांबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेच इथे झालंय.

अमेरिकेत 1,183 लोकांवर केलेला एक प्रयोग आहे, 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना नॅनोतंत्रज्ञानावरचा एकच लेख दिला. खालचे प्रतिसाद तेवढे वेगळे, काहींना सभ्य आणि काहींना ‘एवढंही कळत नाही म्हणजे तुम्ही मूर्ख’ अशा थाटाचे. मुद्दे सारखेच होते. उद्धट प्रतिसाद वाचणारे त्या तंत्रज्ञानाच्या धोक्याबद्दल आधीच्या कलाप्रमाणे दोन टोकांना जास्त सरकले. म्हणजे वाचणाऱ्याला तर कोणी काही बोललंही नव्हतं, तरी त्याच्या मतावर परिणाम झाला.

स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी 2017 मध्ये 667 लोकांवर आणखी एक प्रयोग केला. आधी सोपी किंवा अवघड चाचणी देऊन लोकांचा मूड चांगला किंवा वाईट केला, मग लेखावर प्रतिसाद लिहायला सांगितलं. मूड चांगला आणि वरचे प्रतिसादही बरे असले तर 35 टक्के लोकांनी खोडसाळ लिहिलं. मूड वाईट आणि वरचे प्रतिसादही वाईट असले तर 68 टक्के. माणसं तशीच, वरच्या दोन-तीन ओळी वेगळ्या. माझा अनुभव अगदी हाच आहे. पहिल्या तीन प्रतिसादांत कोणी मुद्द्यावर बोललं की पुढची गाडी रुळावर राहते. म्हणून घणकरी दादांचं तेवढं बरोबर आहे: त्या 22 पैकी पहिल्याने ‘क्लिपचं बंद टोक पुढे’ असं लिहिलं असतं, तर बहुधा तो प्रश्न आजही तिथे असता.

निशिगंध

मी फार लिहीत नाही, पण या विषयावर लिहावंसं वाटलं.

उत्तररात्र, तुम्ही शिवी न लिहिता टिंबं दिलीत, म्हणून मी शेवटपर्यंत वाचू शकले. आपल्या बहुतेक शिव्यांत कोणाची तरी आई असते, बहीण असते, नाहीतर एखाद्या जातीचं नाव असतं. देणाऱ्याच्या मनात त्यातलं काही नसतं, हे मला माहीत आहे. माझे दोन्ही भाऊ येताजाता देतात आणि दोघेही जीव लावणारे आहेत. पण वाचताना तो शब्द माझ्याकडे त्याच्या अर्थासकट येतो. बोलणाऱ्यासाठी झिजलेलं नाणं आहे, माझ्यासाठी त्यावरचा छाप अजून स्पष्ट आहे.

पायवाट म्हणतात तसं वस्तूवर आणि माणसावर असा फरक मी करू शकत नाही. चेनला दिलेली शिवीही बाईवरूनच असते. अशा ठिकाणी मी भांडत नाही, तक्रारही करत नाही, फक्त जाते. माझ्यासारख्या गेलेल्यांची मोजदाद 22 प्रतिसादांत होत नाही.

उत्तररात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लावला, कारण आधी काम करून मग लिहायचं ठरवलं होतं.

निशिगंध, तुमचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘हे मी तुला दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं.’ मला आठवतही नाही. मी त्या वेळी हसून काहीतरी म्हणालो असणार. त्याबद्दल तिची माफी मागितली.

त्या मुलाचा प्रश्न नाहीसा झालाय, त्याला गाठायचा मार्ग नाही. म्हणून चेनच्या लॉकवर नव्याने लिहिलं. फोटो दोन, एक बरोबर आणि एक चुकीचा, आणि खाली चार ओळी. लिहिताना कळलं की ‘अरे ..., उलटं बसवलंयस’ लिहायला दोन सेकंद लागले होते. ‘तुझी क्लिप उलटी बसली आहे, गाडी चालवू नकोस, आधी ही फिरव’ लिहायला अर्धं मिनिट लागलं. अर्ध्या मिनिटाचाच प्रश्न होता. आता तिथे लोक क्लिपबद्दलच विचारतायत.

घणकरी दादा, हुक लक्षात राहील. दुसऱ्याने शिवी देऊन काही सांगितलं तर आधी हुक बघायचा, हे मी घेतलं.

आणि लेख पूर्ण झाला. दीड पान. पाऊस जमला, चेन जमली. ट्रकवाल्यापाशी मात्र चार दिवस थांबलो. ‘भला माणूस’ लिहिलं, खोडलं. ‘देवमाणूस’ लिहिलं, तेही खोडलं. तो शब्दही न शोधता आला होता, माझ्या टिंबांसारखाच, नुसता कपडे बदलून. मग वाचाघर ताईंचं कुलूप-किल्लीचं आठवलं आणि विशेषण शोधायचं सोडून नेमकं काय झालं होतं ते आठवत बसलो. व्हॉइस मेसेजमध्ये जे मुळीच नव्हतं ते तेव्हा आठवलं. क्लिप माझ्या हातून दोनदा चिखलात पडली होती. गारठ्याने बोटं वळत नव्हती. लेखात तिथे एक शिवी आहे, 37 च्या जागी तेवढी एकच, तीही टिंबांत, कारण त्या क्षणी ती खरीच आली होती. दोन्ही वेळा क्लिप मला दिसली नाही, त्याला दिसली. त्याने ती उचलली, पाण्याने निथळणाऱ्या शर्टाच्या टोकाला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या वेळी ठेवल्यावर माझी मूठ त्याने स्वतःच्या हाताने मिटली.